कंपन्या मुख्यालय का हलवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मोठ्या कंपनीने मुख्यालय हलवल्याची बातमी आली की काही प्रश्न हमखास येतात. त्यांतले बरेचसे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मुख्यालय हललं म्हणजे नक्की काय हलतं?

तीन वेगळ्या गोष्टींपैकी एखादी, दोन किंवा तिन्ही. पहिली गोष्ट म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. कंपनी कोणत्या देशाच्या किंवा राज्याच्या कायद्याखाली जन्मली आणि तिच्यावर खटला कुठे भरायचा, हे त्यावरून ठरतं. दुसरी गोष्ट करनिवास, म्हणजे कोणता देश तिला आपली करदाती मानतो ते. तिसरी गोष्ट कामकाजाचं मुख्यालय, जिथे अध्यक्ष, वित्तप्रमुख आणि त्यांची माणसं रोज बसून निर्णय घेतात.

ही तिन्ही ठिकाणं एकच असायला हवीत असं कुठेही नाही. २०१४ मध्ये फियाट आणि क्रायस्लर एकत्र झाल्या. नव्या कंपनीची नोंदणी नेदरलँड्समध्ये झाली, करनिवास ब्रिटनमध्ये ठेवला आणि शेअर न्यूयॉर्क आणि मिलानच्या बाजारात आले. मोठे कारखाने होते तिथेच, इटलीत आणि अमेरिकेत राहिले. रॉयल बँक ऑफ कॅनडाचं कायदेशीर मुख्यालय आजही माँट्रियलला आहे, कारभार मात्र टोरांटोहून चालतो.

त्यामुळे बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: या तिघांपैकी काय हललं? पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच प्रश्नावर उभी आहेत.

२. एका वाक्यात सांगा ना, कंपन्या मुख्यालय हलवतात तरी का?

जुनं कारण आणि नवं निमित्त एकत्र आलं की कंपनी हलते.

कारणं वर्षानुवर्षं साचलेली असतात: महाग जागा, हवी तशी माणसं न मिळणं, कर, न पटणारे कायदे, दूर असलेला ग्राहक, राजकीय धास्ती. पण कुरकुर कितीही असली तरी बसलेली घडी कुणी सहज मोडत नाही. त्यासाठी निमित्त लागतं. दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण होतं, जुन्या इमारतीचा भाडेकरार संपतो, नवा प्रमुख येतो, कोर्टाचा निकाल विरोधात जातो. अशा वेळी कधीतरी करायचं म्हणून पडून राहिलेलं काम एकदम पटलावर येतं.

टोयोटाच्या उत्तर अमेरिकेतल्या कारभाराचं उदाहरण घ्या. विक्रीचं कार्यालय कॅलिफोर्नियात टॉरन्सला, उत्पादनाचं केंटकीत, आणखी काही विभाग न्यूयॉर्कला. हे सगळं एका आवारात आणायचं ठरलं आणि २०१४ मध्ये टेक्ससमधल्या प्लेनोची घोषणा झाली. नवं आवार २०१७ मध्ये सुरू झालं. टेक्सस स्वस्त होतं हे खरंच, पण मूळ गरज एकत्र येण्याची होती. माझ्या मते आधीच्या तिन्ही जागा सोडून चौथीच निवडण्यातही शहाणपण होतं, कारण त्यामुळे 'आमच्याकडे या' असं कुणीच कुणाला म्हणू शकलं नाही.

३. खरं कारण कर वाचवणं हेच असतं ना?

कधी असतं, कधी अजिबात नसतं. हलणं एकाच देशातलं आहे की देशाबाहेरचं, यावर ते अवलंबून आहे.

आधी देशांतर्गत. कॅलिफोर्नियाचा कंपनीकर ८.८४ टक्के आहे आणि टेक्ससमध्ये कंपन्यांच्या नफ्यावर तसा आयकर नाही. म्हणून टेक्ससला गेलं की कर वाचला, असा हिशेब लोक करतात. तो चुकतो. कंपनीच्या नफ्यातला आपला वाटा कॅलिफोर्निया मुख्यत्वे तिथे झालेल्या विक्रीवरून ठरवतं. मुख्यालय ऑस्टिनला नेलं तरी कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांना विकलेल्या मालावरचा कर टळत नाही. शिवाय टेक्सस व्यवसायांवर फ्रँचायझी टॅक्स नावाचा वेगळा कर लावतं.

मग वाचतं काय? माणसांचा वैयक्तिक आयकर. कॅलिफोर्नियात त्याचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे, टेक्ससमध्ये शून्य. ज्यांचं उत्पन्न सर्वांत जास्त त्यांना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, आणि मुख्यालय हलवायचा निर्णय घेणारेही तेच असतात. भागधारकांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कंपनीचा फायदा आणि कंपनी चालवणाऱ्यांचा फायदा प्रत्येक वेळी एकच असेल असं नाही.

देशाबाहेर जाताना मात्र कराचं वजन खरोखर मोठं असतं. अमेरिकेतल्या मेडट्रॉनिकने २०१५ मध्ये आयर्लंडमधल्या कोव्हिडियनला विकत घेतलं आणि स्वतःची कायदेशीर ओळख आयर्लंडची करून घेतली. कामकाज मिनियापोलिस परिसरातूनच चालू राहिलं. फायझरही ॲलर्गनशी विलीन होऊन याच वाटेने जाणार होती, पण एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने नियम कडक केले आणि तो सौदा मोडला. केवळ करासाठी आखलेला बेत किती नाजूक असतो ते यातून कळतं. एका नियमाने सगळं गणित फिरतं.

मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा, यावर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी सहमती दाखवली. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. तरीही निव्वळ कमी दराच्या मोहाने देश बदलण्याचं आकर्षण त्यामुळे घटतं.

४. सरकारं जमीन, करमाफी, रोख मदत देतात. कंपन्या त्यासाठीच जातात का?

सवलतींमुळे कंपनी घर सोडते असं सहसा होत नाही. सोडायचं ठरलं की शेवटच्या दोन-तीन पर्यायांतून एक निवडताना त्या कामी येतात. बोइंगने २००१ मध्ये सिॲटल सोडायचं आधी जाहीर केलं आणि मग डॅलस, डेन्व्हर आणि शिकागो यांना शर्यतीत उतरवलं. शिकागो जिंकलं. ॲमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी प्रस्ताव मागवले तेव्हा २३८ ठिकाणांहून अर्ज आले. निवडलेल्या दोन जागांपैकी न्यूयॉर्कमध्ये स्थानिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी सवलतींना कडाडून विरोध केला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने तिथून माघार घेतली. उरलं व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन.

या चढाओढीचं सर्वांत वाईट रूप कॅन्सस सिटीत दिसलं. हे महानगर दोन राज्यांत विभागलेलं आहे, अर्धं मिझुरीत, अर्धं कॅन्ससमध्ये. कंपन्या सवलती घेऊन राज्याची हद्द ओलांडायच्या, म्हणजे त्याच महानगरात काही किलोमीटर पलीकडे जायच्या. माणसं तीच, काम तेच, आणि खर्च दोन्हीकडच्या करदात्यांचा. शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या कंपन्या अशा पळवायच्या नाहीत असा समझोता केला. हे शहाणपण बऱ्याच आधी सुचायला हवं होतं.

सवलत दिली तर ती परत मिळवण्याची अट करारात हवीच. जनरल इलेक्ट्रिकने २०१६ मध्ये कनेक्टिकट सोडून बॉस्टनला यायचं जाहीर केलं. पुढे कंपनीची घसरण झाली आणि नियोजित मोठं आवार बारगळलं. २०१९ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्याला सुमारे ८.७ कोटी डॉलर परत मिळाले. अशी सोय नसती तर ते पैसे गेलेच होते.

५. कोर्टाचा निकाल किंवा नियामक आवडला नाही म्हणून कुणी जातं का?

जातं, आणि अशा वेळी बहुधा फक्त नोंदणी हलते. टेस्लाच्या बाबतीत लोक दोन घटना एक समजतात. कामकाजाचं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोहून टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. नोंदणी मात्र तेव्हाही डेलावेअरमध्येच होती. जानेवारी २०२४ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने इलॉन मस्क यांचं अब्जावधी डॉलरचं मानधन रद्द ठरवलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये भागधारकांच्या मताने नोंदणी टेक्ससला गेली. पहिल्या वेळी माणसं आणि टेबलं हलली, दुसऱ्या वेळी फक्त कायदा बदलला.

डेलावेअर हे लहानसं राज्य आहे, तरी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक तिथे नोंदलेल्या आहेत. कंपनी कायद्यातले जाणकार न्यायाधीश आणि निकालांची दीर्घ परंपरा, हे त्यामागचं कारण. निकाल काय लागेल याचा अंदाज बांधता येणं ही व्यवसायाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट असते.

नियामकामुळे हललेली ठळक कंपनी म्हणजे नॉर्डिया बँक. १ ऑक्टोबर २०१८ रोजी ती स्टॉकहोमहून हेलसिंकीला गेली. फिनलंड युरोपीय बँकिंग संघात आहे, स्वीडन नाही. तिथे गेल्यावर इतर मोठ्या युरोपीय बँकांना लागू असलेलेच नियम आपल्यालाही लागू होतील, हा बँकेचा हिशेब होता. स्वीडनमध्ये बँकांवरचं शुल्क वाढत होतं, तेही होतंच.

६. राजकीय अस्थिरतेमुळे कंपन्या खरंच निघून जातात का, की नुसती बोंब असते?

खरंच जातात, आणि कधीकधी आठवड्याभरात जातात.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पेनच्या कॅटलोनियात स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं. केंद्र सरकारने आणि घटनात्मक न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं होतं. त्याच आठवड्यात बँको सबादेलने आपलं नोंदणीकृत कार्यालय आलिकांतेला आणि कैशाबँकने बालेन्सियाला हलवलं. पाठोपाठ हजारो कंपन्यांनी पत्ते बदलले. बँकांची घाई समजण्यासारखी होती. कॅटलोनिया वेगळा झालाच, तर तिथली बँक युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या छत्राबाहेर पडेल, अशी भीती ठेवीदारांना वाटत होती आणि ठेवी बाहेर जाऊ लागल्या होत्या. बँक टिकते ती विश्वासावर. तो डळमळल्यावर वाट पाहायला वेळ नव्हता. स्पेन सरकारने वटहुकूम काढून भागधारकांची सभा न घेता संचालक मंडळालाच पत्ता बदलता येईल अशी सोय केली. कर्मचारी मात्र बहुतेक बार्सिलोनातच राहिले. हलला तो कायदेशीर पत्ता.

माँट्रियलमध्ये घडलं ते संथपणे, पण जास्त खोलवर. १९७७ मध्ये क्वीबेकने फ्रेंच भाषेबाबतचा कायदा केला. त्याआधीच्या वर्षी स्वतंत्र क्वीबेकचा आग्रह धरणारा पक्ष सत्तेवर आला होता. जानेवारी १९७८ मध्ये सन लाइफ या विमा कंपनीने मुख्यालय टोरांटोला नेण्याचं जाहीर केलं. आर्थिक वजन टोरांटोकडे सरकायला त्याच्या खूप आधीच सुरुवात झाली होती. राजकारणाने त्या घसरणीला वेग दिला आणि बोट दाखवायला एक तारीखही दिली.

हाँगकाँग चीनकडे जाणार हे स्पष्ट होत असताना १९८४ मध्ये तिथल्या जार्डीन मॅथेसन या बड्या व्यापारी कंपनीने नोंदणी बर्म्युडाला नेली. ब्रेक्झिटच्या आधी पॅनासॉनिकने युरोपचं मुख्यालय ब्रिटनमधून ॲमस्टरडॅमला हलवलं. या सगळ्यांत एक साम्य आहे. कंपनी अमुक बाजूची किंवा तमुक बाजूची असते म्हणून जात नाही. उद्या कोणता कायदा लागू असेल हे सांगता येईनासं झालं की ती जाते.

७. मोठा ग्राहक किंवा सरकार जवळ असावं म्हणून कुणी हलतं का?

हो. बोइंगने २०२२ मध्ये शिकागो सोडून आर्लिंग्टन गाठलं. पेंटागॉन, म्हणजे तिचं मोठं गिऱ्हाईक असलेलं अमेरिकी संरक्षण खातं, तिथेच आहे, आणि विमान नियामक व संसदही नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर. शेव्हरॉनने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातून ह्यूस्टनला जायचं जाहीर केलं. तेल उद्योगाचे भागीदार, पुरवठादार आणि जाणकार माणसं तिथे एकवटली आहेत.

सौदी अरेबियाने तर हे उघड अट म्हणूनच मांडलं. ज्या परदेशी कंपनीचं प्रादेशिक मुख्यालय देशात नाही, तिच्याशी १ जानेवारी २०२४ पासून सरकारी संस्था करार करणार नाहीत, असं त्यांनी २०२१ मध्येच सांगून टाकलं. जोडीला ३० वर्षांची करसवलतही दिली. सरकार हाच सर्वांत मोठा गिऱ्हाईक असतो तिथे असा शब्द कुणालाही मोडवत नाही.

८. उपनगरातली प्रशस्त आवारं सोडून कंपन्या पुन्हा शहरात का येतात?

माणसांसाठी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी कंपन्या हिरवळ आणि मोठ्या वाहनतळांच्या ओढीने शहराबाहेर गेल्या. पुढच्या पिढीतल्या कुशल तरुणांना मात्र रेल्वेने पोहोचता येईल अशी जागा हवी होती. शिवाय नोकरी बदलायची वेळ आली तर घर बदलावं लागू नये, हेही महत्त्वाचं होतं. मॅकडोनाल्ड्स २०१८ मध्ये ओक ब्रूक सोडून शिकागोच्या मध्यभागी आलं ते याच काळात. जनरल इलेक्ट्रिकचं बॉस्टनला येणंही (प्रश्न ४) त्याच लाटेतलं.

९. साहेबांच्या घराजवळ म्हणून मुख्यालय हलतं, हे खरं आहे का?

ऐकायला कुचाळकी वाटते, पण शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी हे मोजलं होतं. त्यांनी न्यूयॉर्क सोडून गेलेल्या ३८ कंपन्यांचा माग काढला. त्यांतल्या ३१ कंपन्या आपल्या प्रमुखाच्या घराजवळ गेल्याचं त्यांना आढळलं. तज्ज्ञांच्या समित्या, जागांचे अहवाल, तुलनेचे तक्ते हे सगळं रीतसर झालेलं होतं, आणि निष्कर्ष प्रमुखाच्या अंगणाशी येऊन थांबला होता. म्हणून संचालक मंडळाने अशा प्रस्तावात प्रमुखाचा वैयक्तिक संबंध काय, हे स्पष्ट विचारून नोंदवून घ्यावं.

१०. मुख्यालय गेलं म्हणजे कारखाना आणि सगळ्या नोकऱ्याही गेल्या का?

सहसा नाही. मोठ्या कंपनीचं कामकाजाचं मुख्यालय आकाराने लहान असू शकतं. बोइंगने सिॲटल सोडलं तेव्हा शिकागोत साधारण ५०० माणसांचं कार्यालय झालं. विमानं एव्हरेट आणि रेंटनच्या कारखान्यांत बनत राहिली आणि तिथले हजारो कामगार तिथेच राहिले. फक्त नोंदणी हलली तर बहुधा एकाही नोकरीची जागा बदलत नाही. कारखाना हलवण्याचा हिशेब वेगळाच असतो: कच्चा माल, वीज, बंदर, मजुरी.

११. आमच्या कंपनीचं मुख्यालय हलतंय. मला जावंच लागेल का? काय विचारून घेऊ?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि यामागची काळजी कळते. सक्ती करता येते की नाही हे तुमचा करार आणि तिथला कामगार कायदा ठरवतो, त्यामुळे नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम आधी वाचा. पण हक्काच्या पलीकडे व्यवहाराचे प्रश्न आहेत आणि ते लेखी विचारलेले बरे. नाही म्हटलं तर काय मिळेल, आणि हो-नाही कळवायची शेवटची तारीख कोणती? सामान, घराची दलाली, सुरुवातीचं भाडं कोण देणार? नव्या ठिकाणच्या राहणीमानाप्रमाणे पगार कमी होणार आहे का? गेल्यावर वर्षभरात नोकरी गेली तर काय? जोडीदाराच्या नोकरीसाठी काही मदत? शेवटचे दोन प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका. घर हलवणं हा एका माणसाचा निर्णय नसतो.

कंपन्यांनाही सांगायला हवं की माणसं तुमच्या अंदाजापेक्षा कमी येतात. याचं सर्वांत बोलकं उदाहरण एका सरकारी खात्याचं आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचं मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला नेण्याचं ठरलं. ३२८ पदं हलवायची होती. २८७ जणांनी निवृत्ती घेतली किंवा दुसरीकडे काम शोधलं. बदली स्वीकारली ४१ जणांनी, आणि प्रत्यक्ष ग्रँड जंक्शनला गेले फक्त ३. सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यालय परत वॉशिंग्टनला आणायची घोषणा झाली. पण दरम्यान गेलेला अनुभव घोषणेने परत येत नाही. कुठली फाइल का अडली होती, कोणाला विचारायचं, हे ठाऊक असणारी माणसंच उरली नव्हती. खासगी कंपन्या जास्त पैसे देतात, त्यामुळे त्यांचे आकडे इतके वाईट नसतात. नुकसान मात्र याच जातीचं असतं.

१२. मुख्यालय गेल्यावर मागे राहिलेल्या शहराचं काय होतं?

नोकऱ्यांच्या आकड्यावरून हे नुकसान दिसत नाही. मुख्यालयाभोवती वकील, हिशेब तपासनीस, जाहिरात संस्था, सल्लागार यांचं एक जाळं असतं. त्यांची मोठी कामं मुख्यालयाबरोबर जातात. त्याहून हळू जाणवणारी गोष्ट म्हणजे वरिष्ठ अधिकारी शहरात राहिनासे होतात. इस्पितळाच्या विश्वस्त मंडळावर, महाविद्यालयाच्या समितीवर, नाट्यगृहाच्या देणगीदारांत असणारी माणसं निघून जातात आणि त्यांच्या जागी दूरवरून येणारा धनादेश उरतो. तोही काही वर्षांत आटतो.

पिओरिया हे इलिनॉयमधलं शहर जवळजवळ शतकभर कॅटरपिलर या अवजड यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं गाव म्हणून ओळखलं गेलं. कंपनीने २०१५ मध्ये तिथेच नवं मोठं मुख्यालय बांधण्याची योजना जाहीर केली, २०१७ मध्ये ती रद्द करून वरिष्ठांना शिकागोजवळच्या डीअरफील्डला नेलं, आणि २०२२ मध्ये टेक्ससमधल्या अर्विंगला जायचं जाहीर केलं. पिओरियात कंपनीचे हजारो कर्मचारी आजही काम करतात. पण शहराच्या भवितव्याशी निगडित निर्णय आता दुसरीकडे होतात, आणि ते घेणाऱ्यांची मुलं पिओरियाच्या शाळेत जात नाहीत.

१३. यासाठी भागधारकांची परवानगी लागते का?

कामकाजाचं मुख्यालय हलवायला बहुतेक ठिकाणी लागत नाही. व्यवस्थापन आणि संचालक मंडळ ते ठरवतं. नोंदणी हलवायची असेल तर मात्र सहसा मतदान घ्यावं लागतं. भारतात नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं तर विशेष ठरावाबरोबर केंद्र सरकारची मंजुरीही लागते.

भागधारक नकार देऊ शकतात, हे २०१८ मध्ये युनिलिव्हरला कळलं. लंडन आणि रॉटरडॅम असा दुहेरी कारभार संपवून फक्त रॉटरडॅम ठेवायचं तिने ठरवलं होतं. तसं झालं असतं तर कंपनी लंडनच्या प्रमुख निर्देशांकातून बाहेर पडली असती आणि निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या फंडांना शेअर विकावे लागले असते. ब्रिटिश गुंतवणूकदार अडून बसले आणि ऑक्टोबरमध्ये योजना मागे घेतली गेली. नेदरलँड्सच्या सरकारने लाभांशावरचा १५ टक्के कर रद्द करायचा घाट घातला होता, तोही मग गुंडाळला. २०२० मध्ये युनिलिव्हर एक झाली, पण लंडनमध्ये. २०२१ च्या शेवटी शेलनेही हेगहून लंडनची वाट धरली. भागधारकांनी ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी संमती दिली आणि नावातलं 'रॉयल डच' गळून पडलं.

तातडीच्या वेळी हे नियम सैल केल्याचा अपवाद प्रश्न ६ मध्ये आला आहे.

१४. देश सोडताना जुना देश काही वसूल करतो का?

बऱ्याचदा करतो. कंपनीची मालमत्ता आणि शेअर यांची किंमत वाढलेली असते आणि त्या वाढीवर अजून कर भरलेला नसतो. बाहेर जाताना ती विकली असं मानून कर आकारण्याची तरतूद युरोपीय संघाच्या देशांत आहे.

उलट दिशेनेही हे लागू पडतं. फोनपेने २०२२ मध्ये नोंदणी सिंगापूरहून भारतात आणली. सगळा व्यवसाय भारतात, नियामक भारतात, पुढे शेअर बाजारात यायचं तेही भारतात, असं असताना मालकी परदेशात ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. पण या बदलात शेअरची अदलाबदल झाली आणि गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. नवउद्योग सुरू करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: नोंदणी कुठे करायची हा निर्णय पहिल्याच दिवशी नीट घ्या. कंपनी मोठी झाल्यावर तो बदलायची किंमत कंपनीबरोबरच वाढलेली असते.

१५. एका कंपनीला दोन मुख्यालयं असू शकतात का?

कामकाजाची असू शकतात. युनिलिव्हरने अनेक दशकं तशी चालवली (प्रश्न १३). नोंदणी मात्र एका कंपनीची साधारणपणे एकाच ठिकाणी असते. युनिलिव्हरच्या दुहेरी मांडणीत म्हणूनच दोन स्वतंत्र कंपन्या कराराने बांधलेल्या होत्या.

१६. 'आम्ही निघून जाऊ' ही धमकी खरी आहे की नुसता दबाव, हे कसं ओळखायचं?

बोलण्यापेक्षा कृती पाहा. भागधारकांना नोटीस गेली आहे का? जुन्या इमारतीचा करार वाढवला की सोडला? नव्या ठिकाणी वरिष्ठ पदांची भरती चालू आहे का? वित्तप्रमुख कुठे घर बघतोय? यातलं काहीच नसेल तर ती बहुधा वाटाघाट आहे.

पण पोकळ न वाटणारी, तरीही अमलात न आलेली उदाहरणंही आहेत. एचएसबीसीने १९९३ मध्ये हाँगकाँगहून लंडनला मुख्यालय आणलं होतं. २०१५ मध्ये लंडन सोडायचं का, याचा फेरविचार तिने जाहीर केला. त्याच वर्षी ब्रिटनने बँकांवरची लेव्ही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं ठरवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बँकेने लंडनमध्येच राहायचा निर्णय दिला. प्रामाणिक फेरविचार आणि दबाव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१७. हलल्याने कंपनीचा फायदा होतो का?

मोजणं फार अवघड आहे, कारण मुख्यालय हलतं तेव्हा बहुधा प्रमुख, धोरण, विलीनीकरण असं बरंच काही सोबत बदलत असतं. नंतर नफा वाढला तर श्रेय कशाला द्यायचं?

एक धोका मात्र मला खरा वाटतो: निर्णय घेणारे कामापासून दूर जाणं. बोइंगने २००१ मध्ये शिकागो निवडताना हे अंतर हेतूने ठेवलं होतं. प्रवासी विमानांच्या विभागापासून वेगळं राहून सगळ्या व्यवसायांकडे समान नजरेने पाहता यावं, हा विचार त्यामागे होता. पुढे ७३७ मॅक्सचे २०१८ आणि २०१९ मधले दोन अपघात झाले आणि ३४६ जीव गेले. अभियंत्यांचा आवाज वरपर्यंत का पोहोचला नाही, याची चर्चा सुरू झाली तेव्हा टीकाकारांनी या अंतराकडेही बोट दाखवलं. अपघातांचं कारण मुख्यालयाचा पत्ता होता असं म्हणणं चूक ठरेल. पण ज्या कंपनीत कामाचा दर्जा हाच माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे प्रमुखाने कारखान्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर बसावं, असं माझं ठाम मत आहे.

१८. गेलेल्या कंपन्या परत येतात का?

नोंदणी परत येते, कारण ती हलवणं सोपं असतं. सबादेल बँकेने जानेवारी २०२५ मध्ये, सात वर्षांहून अधिक काळानंतर, कायदेशीर पत्ता पुन्हा कॅटलोनियात आणला. माणसं आणि टेबलं परत येण्याचं प्रमाण फार कमी. बहुधा कंपनी पुढेच जाते. ओरॅकल २०२० मध्ये कॅलिफोर्नियातून ऑस्टिनला गेली आणि २०२४ मध्ये तिचे सहसंस्थापक लॅरी एलिसन यांनी पुढे नॅशव्हिलला जायचा विचार बोलून दाखवला. विमा क्षेत्रातली एऑन २०१२ मध्ये शिकागोहून लंडनला गेली आणि ब्रेक्झिटनंतर तिने नोंदणी डब्लिनला नेली. एकदा मुळं सुटली की दुसऱ्यांदा हलणं सोपं जातं. हे त्या कंपनीला निमंत्रण देणाऱ्या शहराने आधीच ओळखावं.

१९. सगळे घरून काम करत असतील तर मुख्यालय कुठे मानायचं?

कॉइनबेस या क्रिप्टोचलनाचे व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये दूरस्थ कामाचा मार्ग धरला. शेअर बाजारात आल्यावर आपल्या अधिकृत कागदपत्रांत तिने मुख्यालय ठेवत नसल्याचंच नमूद केलं. म्हणजे प्रश्न १ मधली तिसरी गोष्ट उरलीच नाही. पहिल्या दोन मात्र सुटत नाहीत. नोटीस बजावायला कायदेशीर पत्ता लागतोच.

करनिवासाचा गुंता तर उलट वाढतो. अनेक देशांत तो प्रत्यक्ष नियंत्रण कुठून चालतं यावर ठरतो, आणि संचालक मंडळाची बैठक पडद्यावर होत असेल, पाच संचालक पाच देशांत बसलेले असतील, तर कर अधिकारी ते ठिकाण कोणतं मानणार? अशा कंपन्यांनी महत्त्वाचे ठराव कुठे झाले, अध्यक्ष त्या वेळी कोणत्या देशात होते आणि सही कुठे झाली, याची नोंद प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात ठेवावी. वाद निघाला की सर्वांत आधी तेच इतिवृत्त मागितलं जातं.